अंगठ्याचे दोन आवाज

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपले वय ३६, काम संगणकावरचे, रोजचे येणे-जाणे कोथरूड ते हिंजवडी स्कूटरवरून. कॉलेजात असल्यापासून बोटे आणि अंगठे मोडण्याची सवय आहे. गेल्या दोनेक महिन्यांपासून उजवा अंगठा फिरवला की दर वेळी मुळाशी ‘कट्’ असे वाजते आणि घट्ट बसलेल्या डब्याचे झाकण उघडताना त्याच जागी दुखते. इतकी वर्षे बोटे मोडल्यामुळे सांधा सैल झाला, असे आईचे म्हणणे आहे. ऑफिसातल्या मैत्रिणीच्या मते कॅल्शियम कमी पडले आहे. सवय सोडावी का, एक्स-रे काढावा का आणि यात काळजीचे काही आहे का, असे आपण विचारले आहे.

मी पुण्यात फिजिओथेरपीचे काम करते आणि त्यातही हाताच्या तक्रारी अधिक पाहते. प्रत्यक्ष हात हातात घेतल्याशिवाय निदान करता येत नाही, हे आधीच सांगते. आपले वय, पूर्वी झालेल्या दुखापती, मधुमेह किंवा थायरॉइडचा त्रास, नुकतेच झालेले बाळंतपण, यांपैकी कोणतीही एक गोष्ट उत्तर बदलू शकते. परंतु आपल्या वर्णनात एक गोष्ट स्पष्ट दिसते, ती अशी, की आपण दोन वेगळे आवाज एकाच प्रश्नात विचारले आहेत. कॉलेजपासूनचा बोटे मोडण्याचा आवाज निराळा आणि गेल्या दोन महिन्यांतला मुळाशी होणारा आवाज निराळा. पहिल्यामुळे दुसरा झाला, असे मानण्यास आधार नाही.

हे दोन आवाज वेगळे ओळखण्याची एक सोपी रीत घरीच करून पाहता येते. अंगठा एकदा वाजवा आणि लगेच तीच हालचाल पुन्हा करा. दुसऱ्यांदा काहीच वाजले नाही आणि साधारण वीस मिनिटांनी तो पुन्हा वाजू लागला, तर तो सांध्यातल्या वायूचा आवाज आहे. उलट प्रत्येक वेळी, लागोपाठ दहा वेळा वाकवले तर दहाही वेळा वाजले, तर तो वायूचा आवाज असूच शकत नाही. तिथे एखादी कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, कशावरून तरी सरकते आहे किंवा सांध्याचे पृष्ठभाग एकमेकांवर नीट बसत नाहीत. ‘फिरवला की दर वेळी’ असे आपण लिहिले आहे, त्यामुळे माझे लक्ष दुसऱ्या शक्यतेकडे अधिक जाते.

पहिल्या आवाजाविषयी आधी सांगते, कारण त्याबद्दल गैरसमज फार आहेत. सांध्याभोवती एक बंद पिशवी असते आणि तिच्यात बुळबुळीत द्रव असतो. या द्रवात वायू विरघळलेला असतो, मुख्यतः कार्बन डायऑक्साइड. सांधा ताणला की आतली जागा एकदम वाढते, दाब झपाट्याने उतरतो आणि वायूची पोकळी तयार होते. १९४७ साली लंडनच्या दोन संशोधकांनी बोट ताणून त्याचे एक्स-रे काढले तेव्हा आवाजाबरोबर सांध्यात ही पोकळी दिसली. १९७१ साली लीड्सच्या अभ्यासकांनी असे मांडले, की आवाज पोकळी तयार होताना नव्हे, तर फुटताना येतो. २०१५ साली कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात बोट ओढत असतानाच एमआरआय काढला, तेव्हा आवाज झाल्यावरही पोकळी तशीच राहिलेली दिसली. आणि २०१८ साली गणिती प्रतिमान मांडणाऱ्यांनी दाखवले, की पोकळी अर्धवट कोसळली तरीही तेवढा आवाज निघू शकतो. म्हणजे नेमका क्षण कोणता यावर वाद आहे, पण हाडावर हाड आपटत नाही आणि काही तुटत नाही, याबद्दल नाही. तो वायू पुन्हा द्रवात विरघळायला जो वेळ लागतो, तीच ती वीस मिनिटे.

मैत्रिणीने सुचवलेल्या कॅल्शियमचा या आवाजाशी संबंध नाही. कॅल्शियम हाडांत असते. आवाज सांध्यातल्या द्रवाचा असतो. ‘सांध्यातले वंगण संपले म्हणून वाजते’ हेही वारंवार ऐकू येते, पण वायूची पोकळी तयार व्हायला द्रव असावाच लागतो, तेव्हा वंगण संपल्याची ती खूण कशी असेल? औषधांच्या दुकानातून स्वतःच्या मनाने गोळ्यांची पाकिटे आणून खाण्यापेक्षा आहारात दूध, नाचणी, तीळ ठेवणे बरे, आणि तेही हाडांसाठी. अंगठ्याच्या आवाजासाठी नव्हे.

बोटे मोडण्याच्या सवयीने संधिवात होतो का, हे बऱ्याच जणांनी तपासले आहे. कॅलिफोर्नियातले डोनाल्ड अंगर नावाचे डॉक्टर साठहून अधिक वर्षे फक्त डाव्या हाताची बोटे मोडत राहिले आणि उजव्या हाताची मोडली नाहीत. शेवटी दोन्ही हातांत संधिवात नव्हता. या चिकाटीबद्दल २००९ साली त्यांना विनोदी संशोधनासाठी दिला जाणारा इग नोबेल पुरस्कार मिळाला. एका माणसावरून सिद्धांत होत नाही, हे खरे. परंतु २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २१५ जणांच्या हातांचे एक्स-रे पाहिले गेले आणि बोटे मोडणाऱ्यांत संधिवाताचे प्रमाण न मोडणाऱ्यांपेक्षा जास्त आढळले नाही. १९९० सालच्या एका पाहणीत मात्र सवयीने बोटे मोडणाऱ्यांच्या हातांना सूज आणि पकड कमी असल्याचे दिसले होते, म्हणून मी ‘खुशाल मोडा’ असे म्हणत नाही. आपोआप किंवा हलक्या ताणाने वाजले तर वाजू द्यावे. वाजत नसताना अंगठा पिळून, मागे ओढून, जोर लावून वाजवू नये, इतकेच माझे सांगणे असते. आपल्याकडे आजी नातवंडाच्या गालांवरून हात फिरवून कानशिलांवर बोटे मोडते तेव्हा कुणाला सांधे आठवत नाहीत, आणि तीच सवय मुलीने अभ्यास करताना केली की घरात दटावणी सुरू होते, हे मला नेहमी गमतीचे वाटते.

आता दुसऱ्या आवाजाकडे येते, कारण आपला खरा प्रश्न तिथे आहे. अंगठ्याला तीन सांधे आहेत: नखाजवळचा, मधला (जिथे अंगठा तळव्याला मिळतो तो) आणि मनगटाजवळ मुळाशी असलेला तिसरा. रुग्ण जिथे बोट ठेवतो तिथेच बिघाड असतो असे नाही, पण शोध तिथूनच सुरू होतो, म्हणून मी आधी रुग्णाला एका बोटाच्या टोकाने नेमकी जागा दाखवायला सांगते. पंजा फिरवून ‘इथे सगळीकडे’ असे दाखवले तर पुन्हा विचारते. आपणही ते करून पाहा. पुढचे सगळे त्या एका बिंदूवर अवलंबून आहे.

नखाजवळचा सांधा वाकताना अडकत असेल आणि मग खटकन सुटत असेल, तर बहुधा तो ट्रिगर थंब असतो. यात गंमत अशी, की अडकल्यासारखे नखाजवळ वाटते, पण दोष तळव्याच्या बाजूला, मधल्या सांध्यापाशी असतो. अंगठा वाकवणारी लांब कंडरा तिथे एका आखूड पट्ट्याखालून जाते. कंडरा जाड झाली किंवा पट्टा आवळला की ती अडखळते. त्या जागी तळव्याच्या घडीवर दाबले तर दुखते आणि अंगठा हलवताना बोटाखाली वाटाण्याएवढी गाठ सरकल्याचे कळते. सकाळी त्रास जास्त असतो. काही जणांना दुसऱ्या हाताने अंगठा सोडवावा लागतो. मधुमेह असणाऱ्यांत हे अधिक दिसते, थायरॉइडच्या त्रासातही दिसते. सुरुवातीला रात्री स्प्लिंट, म्हणजे सांधा स्थिर ठेवणारा आधार, लावून आणि मुठीची कामे कमी करून बरे होते. नाही झाले तर स्टेरॉइडचे एक इंजेक्शन पुष्कळांना पुरते. मधुमेह असेल तर त्यानंतर काही दिवस साखर वाढते, म्हणून डॉक्टरांना आधी सांगावे आणि घरच्या यंत्रावर साखर पाहत राहावी. तरीही अडकत राहिले, तर जागा बधिर करून पट्टा सोडवण्याची छोटी शस्त्रक्रिया आहे. लहान मुलाचा अंगठा वाकलेला राहत असेल तर तो प्रकार वेगळा. तिथे मालिश करून ओढाताण करू नये, मुलांच्या हाडांच्या डॉक्टरांना दाखवावे.

आपण मात्र बोट मुळाशी ठेवता. हा मुळाचा सांधा खोगिराच्या आकाराचा असतो, म्हणूनच अंगठा पुढे-मागे आणि आडवा असा दोन्ही दिशांनी हलतो आणि इतर बोटांसमोर येऊ शकतो. या मोकळेपणाची किंमत अशी, की त्याला जागेवर ठेवण्याचे काम हाडांच्या आकारापेक्षा अस्थिबंध (हाडाला हाड बांधून ठेवणारे पट्टे) आणि स्नायू करतात. शिवाय चिमटीत एखादी गोष्ट धरली की टोकाला पडणाऱ्या जोराच्या सुमारे बारापट भार या मुळाच्या सांध्यावर येतो. किल्ली फिरवणे, पीळ देऊन झाकण उघडणे, ओली चादर पिळणे, जाड कपड्यातून सुई ओढणे, या कामांत इथे का दुखते ते यावरून कळेल.

या सांध्याची झीज प्रामुख्याने रजोनिवृत्तीनंतरच्या बायकांत दिसते. तिथे आवाज ‘कट्’ पेक्षा ‘करकर’ असा असतो, अंगठ्याच्या मुळाशी हाडाचा उंचवटा दिसू लागतो आणि अंगठा पूर्ण उघडून मोठा डबा पंजात धरणे जमेनासे होते. आपल्या वयात झीज होतच नाही असे नाही, पण मी आधी दुसऱ्या शक्यतेचा विचार करीन. आपले अस्थिबंध जन्मतःच थोडे सैल असतील आणि सांध्याभोवतीचे स्नायू त्या मानाने अशक्त असतील, तर चिमटीत जोर देताना मुळाचे हाड किंचित बाहेर सरकते आणि सोडताना परत बसते. तेव्हा ‘कट्’ होते. याची घरगुती खूण अशी: मनगट वाकवून दुसऱ्या हाताने हळुवार ढकलल्यावर अंगठा मनगट आणि कोपर यांमधल्या भागाला आतल्या बाजूने सहज टेकतो का? कोपर सरळ केल्यावर उलटे वाकते का? यांची उत्तरे ‘हो’ आली तर आईचे ‘सांधा सैल आहे’ हे निदान बरोबर आहे, कारण मात्र चुकले आहे; सैलपणा बोटे मोडण्याने आलेला नसून तो आपल्याला बहुधा घरातूनच मिळालेला आहे.

अशा वेळी मी रुग्णाला किल्ली चिमटीत घट्ट धरायला सांगते आणि वरून न पाहता बाजूने पाहते. चांगल्या पकडीत अंगठ्याची गोल कमान दिसते. सैल अंगठ्यात मधला सांधा मागे कोसळतो, टोक वाकते आणि मुळाशी खड्डा किंवा उंचवटा दिसतो. आपण फोनच्या कॅमेऱ्याने हा बाजूचा फोटो काढून ठेवा. तपासणीला जाताना तो दाखवला तर पाच मिनिटांचे बोलणे वाचते.

आणखी एक जागा आहे, ती मनगटावर अंगठ्याच्या बाजूला. तिथे दुखत असेल आणि अंगठा हलवताना करकर जाणवत असेल, तर अंगठा उचलणाऱ्या दोन कंडरांच्या आवरणाला सूज असते. स्विस शल्यचिकित्सक द क्वेर्व्हेन यांनी १८९५ साली याचे वर्णन केले आणि त्यांचेच नाव या त्रासाला आहे. बाळाला काखेत हात घालून अंगठे पसरून सारखे उचलणाऱ्या नव्या आयांमध्ये तो फार दिसतो. अंगठा मुठीत घेऊन मनगट करंगळीकडे झुकवले की त्या जागी कळ येते. मात्र ही चाचणी निरोगी हातालाही थोडी दुखतेच, म्हणून दोन्ही हातांची तुलना करूनच काही ठरवावे.

पुण्यात पावसाळ्यात एक वेगळा गटही येतो. गणपतीच्या आधी नदीपात्रात ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू झाला की ताशाच्या काड्या अंगठा आणि तर्जनीत धरून तासन्‌तास वाजवणारी मुले-मुली ‘अंगठा वाजतो’ म्हणून येतात. एरवी वर्षभर काहीच न करणारा हात एकदम रोज दोन-तीन तास कामाला लावला तर कंडरा तक्रार करणारच. त्यांना मी सराव बंद करायला सांगत नाही, कारण ते ऐकणार नाहीत. काडीला कापडी पट्टी गुंडाळून ती जाड करायला, पकड सैल ठेवायला आणि सराव टप्प्याटप्प्याने वाढवायला सांगते. दुखणे दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत टिकले तर आदल्या दिवशीचा सराव जास्त झाला, हा हिशोब त्यांना पटतो.

आता काळजीचे काय, ते सांगते. आवाज नुसता असेल, दुखत नसेल, सूज नसेल आणि अंगठा पूर्ण हलत असेल, तर कितीही मोठा असला तरी त्याचे काही करायचे नाही. पण दुचाकीवरून पडताना हँडल हातात राहिले आणि अंगठा बाहेरच्या बाजूला ओढला गेला, त्यानंतर मधल्या सांध्याच्या आतल्या बाजूला, म्हणजे तर्जनीकडच्या बाजूला, सूज आली आणि चिमटीत कागदही धरवत नसेल, तर ते लचक समजून घरी बसण्याचे दुखणे नाही. तिथला अस्थिबंध पूर्ण तुटला असेल तर त्याचे टोक शेजारच्या स्नायूच्या पडद्याबाहेर अडकू शकते आणि मग ते आपोआप जुळत नाही. शस्त्रक्रियाच लागते आणि ती पहिल्या काही आठवड्यांत करणे सोयीचे असते. एक-दोन दिवसांत हाडांच्या डॉक्टरांना दाखवावे, एक्स-रे काढावा आणि तोवर कुणाकडूनही अंगठा ओढून ‘बसवून’ घेऊ नये. हाडवैद्याकडे जाऊन आल्यानंतर उशिरा आलेले असे हात मी पाहिले आहेत आणि त्यांना पूर्वीची पकड परत मिळवणे कठीण जाते.

त्याचप्रमाणे अंगठा लाल, गरम आणि सुजलेला असेल, ताप असेल किंवा काटा, सुई लागल्यानंतर दुखणे वाढत असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. दोन्ही हातांचे सांधे सुजत असतील आणि सकाळी तासभर आखडलेले राहत असतील, तर आमवाताची (रुमॅटॉइड आर्थ्रायटिसची) तपासणी करावी; चिकुनगुनिया होऊन गेल्यावरही असे सांधे काही महिने त्रास देतात, म्हणून गेल्या काही महिन्यांत ताप आला होता का, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. मनगटाचे हाड मोडून गेल्यावर काही आठवड्यांनी अंगठ्याचे टोक उचलता येईनासे झाले, तर कंडरा तुटल्याची शक्यता असते. बोटांना मुंग्या येत असतील आणि रात्री हात बधिर होऊन जाग येत असेल, तर तो प्रश्न सांध्याचा नसून मनगटातल्या नसेचा आहे.

आपल्या वर्णनात यांपैकी काहीही नाही. म्हणून आज लगेच एक्स-रे काढावा असे मला वाटत नाही. रक्ताच्या तपासण्यांचीही घाई नको. सगळ्या शरीराच्या तपासणीचे पॅकेज घेऊन लोक येतात, त्यात युरिक ॲसिड थोडे वर असते आणि अंगठा दुखण्याचे कारण सापडले असे त्यांना वाटते. नुसते युरिक ॲसिड वाढले म्हणजे गाऊट, म्हणजे त्याचे खडे सांध्यात साचून होणारा संधिवात, झाला असे नसते, आणि आमवाताची रक्तचाचणीही काही निरोगी माणसांत सकारात्मक येते.

त्याऐवजी पुढचे चार ते सहा आठवडे असे करून पाहा. मुळाचा सांधा झाकणारा, पण अंगठ्याचे टोक मोकळे ठेवणारा आखूड स्प्लिंट घ्या आणि तो दिवसभर न लावता जोराची कामे करताना लावा. झाकण उघडताना चिमटीने पीळ न देता रबराचा तुकडा ठेवून पूर्ण पंजाने फिरवा. मोठा फोन एका हातात धरून त्याच अंगठ्याने टाइप करणे थांबवा. माझ्या अनुभवात आपल्या वयाच्या मंडळींत खरा भार झाकणांपेक्षा इथून येतो. स्कूटर चालवताना ॲक्सिलरेटरची मूठ आवळून धरण्याची सवय असेल, तर सिग्नलला थांबलात की पंजा उघडा. दुखऱ्या जागी डायक्लोफिनॅकचे मलम काही दिवस लावायला हरकत नाही, मात्र गरोदरपण असेल किंवा या औषधाची ॲलर्जी असेल तर आधी विचारा.

व्यायाम दोनच करा. हातात पेला धरल्यासारखी अंगठा आणि बोटांची गोल कमान करून पाच सेकंद धरा. मधला सांधा मागे कोसळू देऊ नका. आणि पंजा टेबलावर पालथा ठेवून तर्जनी अंगठ्याच्या दिशेने सरकवा, दुसऱ्या हाताच्या बोटाने तिला हलका विरोध करा. या दुसऱ्या व्यायामाने जो स्नायू बळकट होतो तो अंगठ्याच्या मुळाचे हाड जागेवर ओढून धरतो. प्रत्येकी दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. अंगठा ताणण्याचे व्यायाम व्हिडिओत पुष्कळ दिसतात, पण सैल सांध्याला ताण नको, बळ हवे. व्यायाम करताना दुखू लागले तर विरोधाचा जोर कमी करा.

सहा आठवड्यांनंतर आवाज राहिला पण दुखणे गेले, तर तो आवाज सोडून द्या. दुखणे तसेच राहिले, पकड कमी झाली किंवा मुळाशी उंचवटा दिसू लागला, तर हाताच्या तक्रारी पाहणाऱ्या अस्थिरोगतज्ज्ञांकडे जा. त्या वेळी एक्स-रे काढणे योग्य ठरेल आणि त्यात काय शोधायचे हेही त्यांना ठाऊक असेल. तोपर्यंतच्या काळात कोणत्या कामात, कोणत्या बिंदूवर आणि किती वेळ दुखले, याची दोन-चार ओळींची नोंद मात्र ठेवा. आणि आपल्याला मधुमेह किंवा थायरॉइडचा त्रास आहे का, हे प्रश्नात लिहायचे राहिले आहे; असेल तर कळवा, मग माझ्या उत्तरात थोडा फरक करावा लागेल.